पाच अंगठे

पेठकडच्या आश्रमशाळेतल्या सहा मुलींनी कुंपणाला लावलेल्या विषारी चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या सोलून खाल्ल्या आणि उलट्या-जुलाबांनी अर्धमेल्या होऊन नाशिकच्या दवाखान्यात आल्या. सविताची लेक रोशनी त्यांत सगळ्यांत लहान. सलाइनसाठी तिची शीर सापडायलाच वीस मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले, "आता भीती नाही," तेव्हा कुठे सविता स्टुलावर टेकली.

तेवढ्यात शाळेचे अधीक्षक कागद आणि शाईचं पॅड घेऊन आले.

"बाई, इथं अंगठा लावा. उपचार मिळाल्याचा कागद आहे."

सवितानं कागद ओढून घेतला. वाचता वाचता तिची कानशिलं तापली.

"सर, यात तर लिवलंय, पोरींनी बिया घरून आणल्या. कुंपण तुमचं हाय. ही झाडं तोडा म्हणून आम्ही दोनदा सांगून गेलो ना?"

"हळू बोला. बाकीच्यांनी काही न बोलता दिले अंगठे."

खरंच, कागदावर पाच अंगठे आधीच उमटले होते. त्या पाचही आया आजूबाजूच्या खाटांवर आपापल्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

सविता वॉर्डाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचू लागली. अधीक्षक कागदाला झोंबले, पण तिनं सोडला नाही. तिसऱ्या ओळीला, 'बिया घरून आणल्या' हे ऐकताच, त्या पाच आयांतली एक उठली आणि वॉर्डाचं दार आतून लावून अधीक्षकांच्या वाटेत उभी राहिली.