उतारा

“उतारा हाय, वहिनी,” असं म्हणत लडकूशेठने टायरवर थाप मारली.

मंदा एक पाऊल मागे सरली. “उतारा? तिठ्यावर ठेवतात तो? ते सगळं आमच्या सासऱ्यांनी देव बोळवले तेव्हाच सोडलं आम्ही.”

दामू हसला. “अगं, गाडीवरून उतरवलेला टायर. या धंद्यात त्याला उतारा म्हणतात.”

“कोणाच्या गाडीवरून? आणि उतरवला कशाला?”

झालं. दामूने मान खाली घातली. लडकू त्याचा शाळेतला बाकावरचा सोबती, कशेळीच्या रस्त्यावर टायरचं दुकान टाकून बसलेला. त्याच्या दुकानात येऊन बायकोने असली उलटतपासणी घ्यावी, हे दामूला बरं वाटत नव्हतं. पण मंदालाही काही हौस नव्हती. लेक जव्हारला, सातवा लागलेला, येत्या रविवारी तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं. थंडी पडली की जव्हारच्या घाटात सकाळी धुकं असतं, रस्ता दवाने ओला असतो, आणि तहसीलच्या लिलावात घेतलेल्या त्यांच्या जीपचे टायर पार टकले झालेले. शेलारच्या चिंतूची जीप त्याच घाटात दरीत गेली होती. रिमोल्ड टाकले होते त्याने, म्हणजे झिजल्या टायरवर नवं रबर चढवलेले. वरून अगदी कोरे दिसायचे. उतारावर रबर सोलून निघालं. चिंतू कसाबसा वाचला. तेव्हापासून मंदाला काळा चकचकीत टायर दिसला की आधी संशयच यायचा.

“हे बघ, रबराचे केस आहेत अजून,” दामू टायर चाचपत म्हणाला. “नव्यालाच असतात.”

“केस काय, टोपालाही असतात.”

लडकू समजूतदारपणे हसला. तो जेवता जेवता उठला होता. गल्ल्यावर डबा उघडा होता, भात, सुकटीचं कालवण आणि लिंबाच्या पिळलेल्या फोडी. त्याने हात फडक्याला पुसले.

“वहिनी, ऐका. एका गोदामवाल्याने दसऱ्याला नवी जीप घेतली. पोराला रुबाब पायजे, रुंद टायर पायजेत. कंपनीचे उतरवले नि माझ्याकडे टाकले. चार हे. आणि हा पाचवा स्टेपनीचा, मागं नुसता लटकत होता. यानं रस्ता बगलाच न्हाय.”

“सगळे एकाच गाडीचे?”

“आईशप्पथ. खोटं वाटतं तर हे बगा.” त्याने पहिला टायर उजेडाकडे कलंडवला आणि खाचेत बोट दाखवलं. खाचेत लिंबाची एक चपटी बी रुतून बसली होती, बाजूला सालीचा तुकडा. “पूजेचं लिंबू. शोरूममधून निघताना चाकाखाली ठेवलेलं. रिमोल्डला कोणी लिंबू ठेवतं का?”

दामूचा चेहरा खुलला. “आता बोल.”

 त्यांची जीप घरी आली तेव्हा ड्रायव्हरने चाकांखाली लिंबं ठेवली होती. मंदाने ती काढून घेतली, धुतली आणि सगळ्यांना, त्या ड्रायव्हरलासुद्धा, सरबत पाजलं. लिंबावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. लिंबू ठेवणाऱ्यांवर मात्र होता. ते चुकत नाहीत. नवी गाडी म्हटली की लिंबू आलंच. हे पटण्यासारखं होतं, आणि पटावं असं तिला मनापासून वाटतही होतं. लेक जीपमध्ये बसवून आणायची होती, टायर तर हवेच होते.

“बसवायला घेऊ ना?” लडकूने जॅक पुढे ओढला.

“थांबा जरा.”

तिने अंबाड्यातला आकडा काढला आणि खाली बसली. दुसऱ्या टायरच्या खाचेत बी होती. तिसऱ्यातही होती. चौथ्यात साल होती, बी नंतर सापडली. दामू घड्याळ बघून घेत होता. रस्त्यावरून कापडाच्या तागांनी भरलेला ट्रक गेला आणि दुकानाचा पत्रा थरथरला.

“मिळाली ना चारही टायरांत?” दामू म्हणाला. “ऊठ आता. संशयाला पण काही हद्द असते, मंदा. शाळेपासून ओळखतो मी याला.”

“न्हाय न्हाय, बगू दे त्यांना,” लडकू म्हणाला. “पोरीचा जीव हाय.”

मंदा गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि भिंतीशी टेकवलेल्या पाचव्या टायरकडे गेली. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी तिने आकडा खाचेत फिरवला. एका जागी तो अडला. तिने टोकाने उचकटलं, जे निघालं ते तळहातावर घेतलं आणि दाराशी उजेडात जाऊन पाहिलं. बी होती. अंगठ्याने दाबली तर निसटली, इतकी ओली.

तिने ती गल्ल्यावर, डब्याशेजारी ठेवली.

“भाऊ, हा तर मागं लटकत होता म्हणालात,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मग याच्याखाली लिंबू कोणी ठेवलं?”

दामू त्या बीकडे बघत राहिला, मग लडकूकडे.

लडकूने डब्याला झाकण लावलं.