तळ्याखालचा धैंचा

एसटीतून उतरल्यावर तुळसाबाई घरी गेलीच नाही. कारंज्याला लेकीच्या बाळंतपणात आठ दिवस निघाले होते. पिशवी काखेत मारून ती थेट तळ्याखालच्या वावराकडे वळली.

गावात सगळीकडं सोयाबीन. एवढा अर्धा एकर तेवढा तळ्याच्या पाझरानं ओला राहायचा, म्हणून तिथं धान. पण तीन वर्षं नुसता युरिया ओतून माती विटेसारखी झाली होती. यंदा तिनं हट्टानं हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला. निघाली तेव्हा तो कमरेला लागत होता, काळा हिरवागार. फुलं धरायच्या आत नांगरून चिखलात गाडायचा आणि त्यावर धानाची रोवणी, असं तिचं ठरलं होतं.

बांधावर येऊन ती थांबली. सगळा धैंचा पिवळा पडून माना टाकून उभा होता.

मागून तिचा नवरा इंद्रभान लगबगीनं आला. चेहऱ्यावर हसू.

"पाह्यलं? तू यायच्या आत वावर साफ करून ठेवलं. दोन पंप तणनाशक मारलं."

तिनं एक झाड उपटलं. पानं हातातच गळून पडली.

"हे तण होतं का?"

"लोक तर तणच म्हणून राह्यले होते. रोज रस्त्यानं जाता जाता हासत. इंद्रभानच्या वावरात मानूस दिसत नाई म्हणत."

"मी जाताना काय सांगून गेली होती?"

"गाडाचं म्हणत होती. मंग आता गाड की. मेलं तरी खतच ते."

"हिरवा पाला आठ दिवसांत सडते. हे वाळलेलं काडं कवा सडन? धानाचे पऱ्हे रोवाले आले, ते थांबतीन का?" तिचा आवाज चढला. "एक फोन करता नाई आला तुमाले?"

"तू दवाखान्यात होती." इंद्रभानचं हसू आता मावळलं होतं. "म्हटलं, पोरीचं करून थकून येशीन. वावर साफ पाहून खूश होशीन."

तुळसाबाईला तोंडभर शिव्या द्याव्याशा वाटल्या. दारू पिऊन केलं असतं, आळसानं केलं असतं, तर दिल्याही असत्या. हा माणूस पाठीवर पंप घेऊन भर उन्हात वावरभर फिरला होता, तिच्यासाठी. राग कुठं टाकावा तेच तिला कळेना.

"युरिया आनतो मी उद्या," तो हळूच म्हणाला. "जास्त टाकू."

"टाका. टाकतच आले आजवर."

पाझराच्या कोपऱ्यात, जिथं पाणी साचलं होतं, तिथं फवारा पोचला नव्हता. खाटेएवढ्या दोन-तीन पट्ट्यांत धैंचा अजून हिरवा होता. तिनं पिशवी बांधावर ठेवली, लुगड्याचा काचा मारला आणि चिखलात उतरली. एकेक झाड मोडायची, आडवं पाडायची, पायानं दाबायची. कडेची चार झाडं तिनं बियांसाठी तशीच ठेवली.

"एवढ्याशानं काय होईन?" इंद्रभाननं विचारलं.

चिखलात तिचे पाय चुबुक चुबुक वाजत राहिले.

मग त्यानं चपला काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाली उतरला. तुळसाबाईनं मान वर केली नाही. थोडी पलीकडं सरकली, एवढंच.

"दाबून तुडवा," ती म्हणाली. "वरवर पाय नोका देऊ. खाली जाऊ द्या त्याले."