पिवळा रुमाल

खेळातल्या विमानाच्या इंजिनाला इंधन सोडणाऱ्या सुईवर त्याने बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. रविवारी सकाळी पाहिलं तर ठिपका जागेवर नव्हता. सुई कुणीतरी बाहेरच्या अंगाला फिरवली होती.

कुणीतरी म्हणजे मेहुण्याने. मागच्या खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडेच असायची.

क्लबात त्याला कानसेन म्हणत. तारेवरच्या छोट्या विमानांच्या लढतीत इंजिन लावावं तर यानेच. दोन खेळाडू मैदानाच्या मधोमध खांद्याला खांदा लावून उभे राहतात, लांब तारांना बांधलेली त्यांची विमानं भोवती गरगरतात, आणि पंचाची शिट्टी झाली की एकाने दुसऱ्याच्या शेपटीची कागदी पट्टी आपल्या पंख्याने कापायची. सगळी मदार इंजिनावर. सुई आत फिरवली की इंधन कमी जातं, आवाज चढतो, विमान पळतं. जरा जास्त आत गेली की इंजिन भाजून निघतं. मधली नेमकी जागा कानसेन नुसत्या कानाने शोधायचा. उभा जन्म छापखान्यात रोटरी यंत्राशेजारी गेलेला. कुठलं बेअरिंग जाणार हे तो यंत्राच्याही आधी ओळखायचा.

आजचा अंतिम सामना जिंकला की फिरता चषक कायमचा घरी राहणार होता. त्याच्यासाठी रिकामी केलेल्या फळीवर बायकोने तूर्तास फुलदाणी मांडली होती. हेही त्याला खटकलं होतंच.

खटकण्यासारखं बरंच होतं. इंजिन निवडायची वेळ आली तेव्हा नवं इंजिन जास्त वेगाचं असूनही मेहुण्याने जुन्याचा धोशा लावला.

"जुनं सांभाळून घेतं, दाजी. सुई थोडी इकडेतिकडे झाली तरी."

"माझी सुई इकडेतिकडे होते?"

"तसं कुठं म्हटलं मी," मेहुणा म्हणाला आणि त्याने बहिणीकडे पाहिलं. बहीण तीच बशी पुन्हा पुसू लागली.

कानसेनने नवं इंजिन निवडलं.

हल्ली घरात आणि क्लबात सगळेच तोंडातल्या तोंडात बोलत, आणि तो जवळ आला की गप्प होत. एकंदर जगाचाच दर्जा घसरलाय, असं त्याचं मत झालं होतं. वर्तमानपत्राची शाई हाताला लागायची, चपलेचा अंगठा महिन्यात तुटायचा, किटली शिट्टी वाजवेनाशी झाली म्हणून नवी आणली तर तीही तसलीच निघाली, आणि रंगाऱ्याने दिलेला रंग पावसाआधीच उडाला.

पण खरा संशय रुमालाचा. या हंगामापासून मेहुणा सामन्याच्या वेळी पंचाच्या शेजारी उभा राहून एक पिवळा रुमाल हलवायचा. कशाला, असं विचारलं तर म्हणे, तुम्हाला जोर यावा म्हणून. जोर दुसऱ्यालाच यायचा. रुमाल हलला रे हलला की समोरचं विमान झेपावायचं. मग यालाही आपलं विमान झेपवायला हात उचलावा लागे.

त्यात परवा क्लबाच्या जिन्याखाली त्याने तिघांना एकत्र पाहिलं: मेहुणा, पंच आणि अंतिम सामन्यातला त्याचा प्रतिस्पर्धी, दातांचा डॉक्टर. मेहुणा हातात रुमाल घेऊन काहीतरी समजावत होता आणि बाकीचे दोघे माना डोलावत होते. याला पाहताच रुमाल खिशात गेला. दातवाला तर इतका गोड हसला, की कानसेनची दाढच ठणकली.

आज त्याने मेहुण्याला बोलावून घेतलं.

"काल खोलीत कोण गेलं होतं?"

"मीच. झाडायला."

"सुई झाडलीस?"

मेहुण्याने खिशातला रुमाल चाचपला. मग म्हणाला, "दाजी, एक सांगायचं होतं..."

"आज नको," बायको घाईने म्हणाली.

"सामना झाल्यावर सांग," कानसेन म्हणाला. "तुझ्या दातवाल्यालाही साक्षीला आण. तोवर मैदानात पाऊल टाकायचं नाही."

"मग रुमाल कोण..."

"रुमालाने नाक पूस."

मैदानात मेहुणा नाही म्हणून त्याने क्लबाच्या माळ्याला विमान कसं सोडायचं ते शिकवलं. मग इंजिन सुरू करून सुई आत घेऊ लागला. ठिपका जागेवर आला, तरी मनासारखी धार येईना. आणखी थोडी घेतली, मग आणखी थोडी. माळ्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. झाडाझुडपांत रमणारा माणूस, त्याला सुराची कदर कुठून असणार!

दोन्ही विमानं वर गेली आणि समोरासमोर, सरळ घिरट्या घालू लागली. शिट्टीपूर्वी जो हल्ला करील तो बाद, हा नियम. एरवी त्या रुमालाच्या गडबडीत कानसेनचं शिट्टीकडे लक्षच जायचं नाही. आज रुमाल नव्हता. आज तो शिट्टी नीट ऐकूनच हात उचलणार होता.

आणि दातवाल्याचं विमान खाली झेपावलं.

कागदाचा एक तुकडा हवेत तरंगला, मग दुसरा.

"अजून शिट्टी झालेली नाही," कानसेन बाजूला ओरडला.

दातवाला चमकला. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि तिसरा तुकडा कापला. कानसेनने विमान सरळच ठेवलं. एवढ्या लोकांसमक्ष नियम कोण मोडतंय ते दिसूनच जाऊ दे. पुराव्याची याहून चांगली संधी मिळणार नव्हती. विमानामागची धुराची रेघ विरळ होत होत नाहीशी झाली आणि तारांचा ताण ढिला पडू लागला, पण आता त्याला फक्त पंचाचं तोंड बघायचं होतं.

विमानाबरोबर तो वळत गेला. आधी कुंपण चढून धावत येणारा मेहुणा दिसला. तो जिवाच्या आकांताने पिवळा रुमाल हलवत होता. मग पंच दिसला. तो थेट कानसेनकडेच बघत होता. त्याच्या तोंडात शिट्टी होती, गाल टम्म फुगले होते आणि फुंकून फुंकून चेहरा लालबुंद झाला होता.