रात्रीचं काम

“पोट भरलंय याचं,” प्रतिभा म्हणाली.

“मग एरंडेल पाज,” आबा म्हणाले आणि गुलाबाच्या ओळीत कात्री चालवत राहिले.

जानोरीच्या त्या पॉलिहाऊसमध्ये खांबाला जेवणाच्या डब्याएवढा एक संगणक बांधलेला होता. लिनक्सवर चालणारा. आतली उष्णता आणि ओलावा तो सारखा मोजायचा आणि लिहून ठेवायचा. ओलावा वाढला की गुलाबावर रोग पडतो, म्हणून प्रतिभानंच तो वर्षापूर्वी बसवून दिला होता. नोंदी साठत जाणार, तेव्हा रोज रात्री भरलेली फाईल मिटून बाजूला ठेवायची, कोरी उघडायची आणि फार जुन्या टाकून द्यायच्या, हेही काम तिनं त्याला लावून दिलं होतं. नेमकं तेच तो करत नव्हता. दोन-तीन आठवड्यांत जागा संपायची, डबा ठप्प व्हायचा आणि आबांचा फोन यायचा. मग प्रतिभा सासरी सांगायची, “डबा बंद पडलाय,” आणि स्कूटर काढून नाशिकहून निघायची.

तिनं सगळं तपासून पाहिलं होतं. सूचनांमध्ये चूक नव्हती. लॅपटॉप जोडून हातानं काम चालवलं की फायली शहाण्या मुलांसारख्या ओळीनं लागायच्या. ठरल्या वेळी मात्र काहीच घडायचं नाही. रात्रीच्या नोंदीही नसायच्या. पण त्या वर्षी गावात रात्री वीज टिकायचीच कुठे? तिनं भारनियमनाचं वेळापत्रक मिळवलं आणि वेळ बदलली. आधी पहाटे चार, मग दोन, मग रात्री साडेअकरा. दिवसाची वेळ तिच्या मनातही आली नाही. असली झाडलोट रात्री करायची, यंत्र निवांत असताना. ती तसंच शिकली होती, ऑफिसातही तसंच करत होती.

“आबा, खरं सांगा. तुम्ही काही करता का याला?”

“मी? तू म्हणली हात लावायचा नाय. बोट लावलं नाय अजून.” मग ते गालात हसले. “पोरगी इंजिनेर हे म्हणून गावभर सांगतो, अन् तुला एक डबा आवरत नाय.”

“शोधून काढीन मी. बघाच.”

“काढ की. घाई कोणाला हे?”

तिनं डबा हातानं रिकामा केला, आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि उन्हं उतरायच्या आत निघाली.

दोन दिवसांनी जानोरीहून फोन आला. डब्यासाठी नव्हता. फुलं कापता कापता आबा सकाळी ओळीतच खाली बसले होते, ते उठलेच नव्हते.

तेराव्याची माणसं पांगल्यावर प्रतिभा पॉलिहाऊसमध्ये गेली. डबा आता भरत आला असेल, जाता जाता रिकामा करावा, एवढंच मनात होतं. तिनं लॅपटॉप जोडला आणि बघतच राहिली. फायली ओळीनं लागलेल्या होत्या. रोजची एक, घडी घालून ठेवल्यासारखी. आबा गेले त्या दिवसापासून एकही रात्र चुकली नव्हती. वर्षभर तिला जे जमलं नाही, ते आपोआप झालं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला कशाची तरी उत्सुकता वाटली. तिनं सगळ्या सूचना पुन्हा वाचल्या. एक अक्षर बदललेलं नव्हतं.

धाकटा भाऊ भारत क्रेट भरत होता.

“भारत, इथं काही बदललंस का तू?”

“काय नाय ताई. सकाळी फुलं तोडायची अन् निघायचं.” त्यानं आणखी एक जुडी क्रेटमध्ये ठेवली. “बटणाचं तेवढं ध्यानात राहत नाय माझ्या.”

“कुठलं बटण?”

“ते काय, पलीकडच्या खांबावरचं. दिवस मावळला की आबा डबा बंद करायचे. झाडं झोपली, आता त्यांच्यात याचा दिवा नको म्हणायचे. सकाळी फुलं तोडायला आले की चालू.”

“मला कधी बोलला नाहीस.”

“तू डब्याचं विचारायची. बटणाचं कुठं विचारलं?” भारतनं क्रेट खांद्यावर घेतला. “पण बरं झालं, आता नाय अडायचा तो. तुला सारखी यायची दगदग नाय.”

तो गेला. प्रतिभा तिथंच उभी राहिली. उपाय एका ओळीचा होता. काम भर दुपारी लावायचं. मग रात्री दिवा विझला तरी बिघडत नाही. झाडं झोपतील, डबाही चालेल. तिनं वेळेची फाईल उघडली. साडेअकराच्या जागी दुपारचे बारा लिहिले.

बाहेर दिवस मावळत होता. कळ्या झोपल्यासारख्या स्तब्ध होत्या. पानांमध्ये डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

तिनं लिहिलेलं खोडलं. वेळ होती तशीच ठेवली आणि लॅपटॉप मिटला. मग पलीकडच्या खांबाशी जाऊन बटण दाबलं. दिवा विझला.

“आबा,” ती त्या ओळीकडे बघत म्हणाली, “हा बंद पडला की मला बरं वाटायचं.”