भोपळ्याचे बत्तीस दात

कॉन्डोच्या, म्हणजे राहत्या सोसायटीच्या, हॅलोवीन स्पर्धेसाठी प्रणिताने सिंगापुरात पहिल्यांदाच अख्खा भोपळा कोरायला घेतला, तर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सासूबाई ओरडल्या, "अगं, भोपळ्याला पहिला घाव पुरुषाने घालायचा! विक्रांतला बोलाव." विक्रांत आला. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण सुरी दिसली की ह्याला घाम फुटायचा, म्हणून प्रणिताने त्याला साधी काकडीही कधी चिरायला दिली नव्हती. त्याने घाव घातला आणि तो थांबेचना. डोळे झाले, भुवया झाल्या, बत्तीस दात एका मापाचे झाले. "कुठे शिकलास रे?" प्रणिताने डोळे बारीक केले. "आपोआप जमलं," तो भोपळ्याकडे बघत पुटपुटला. तिने फोन भोपळ्यासमोर धरला. सासूबाई ते दात बराच वेळ न्याहाळत राहिल्या. मग आयुष्यभर सुरीला न शिवलेल्या सासऱ्यांना त्यांनी गोड हाक मारली, "अहो, इकडे या. कोबी चिरायचाय."