मिनिटाला एक फेरा

मेन बंद केला तरी मीटरची चकती फिरत होती.

थोरली नणंद स्टुलावर चढली आणि कपाळावरचा चष्मा तिनं खाली ओढला. तीस वर्षं तिनं दारोदार हिंडून लोकांचे मीटर वाचले होते. धाकट्या भावाच्या घरचा आज पहिल्यांदाच. खाली भाऊ टॉर्च धरून उभा. तो वायरमन. आत, शिलाई मशीनवर हात ठेवून, त्याची बायको.

"पंखा?"

"बंद."

"फ्रिज?"

"वन्सं, मेनच खाली आहे म्हटल्यावर सगळंच बंद."

"मग ही कुणाच्या नावानं फिरतेय?"

सकाळपासून बंद-बंदच चाललं होतं. पेपर बंद. दूध निम्मं. दुसरा मोबाईल बंद. बाहेरचा चहा बंद, घरचा एकदाच. नणंदेच्या कागदावर खोडायला ओळ उरली नव्हती आणि मशीनच्या हप्त्याला अजून सहाशे कमी पडत होते. दोन हप्ते आधीच थकलेले. हा तिसरा चुकला की दहा तारखेला फायनान्सवाले मशीन उचलून नेणार. मशीन गेलं की शाळेच्या गणवेशांचं काम गेलं, आणि ते गेलं की

नणंदेनं हात वर केला. ती मनगटावरचं घड्याळ बघत होती.

"मिनिटाला एक फेरा. म्हणजे शंभर वॉट. दिवसरात्र. महिन्याला सत्तर युनिट, सहाशेच्या घरात." तिनं खाली पाहिलं. "काय पेटवून ठेवलंयस रे?"

भावानं टॉर्च मीटरच्या मागे नेला. मेनच्या आधीच एक पिवळी तार फुटून भिंतीतून बाहेर गेली होती. जोडावर चिकटपट्टी. पट्टीचं टोक दुमडलेलं, पुढं सोडवायला सोपं जावं म्हणून. अख्ख्या गावात असं टोक दुमडणारा वायरमन एकच होता.

तो तारेच्या मागोमाग दाराबाहेर गेला. दोघी त्याच्या मागे.

जिन्याच्या मधल्या पोकळीत, चार मजले वर, बल्ब जळत होता.

"तुला सातवा महिना होता," तो बायकोला म्हणाला. "जिन्यात हा अंधार. दोन दिवसांपुरती ओढली होती."

"दोन दिवस," बायको म्हणाली.

पोरगी अकरा वर्षांची झाली होती. बल्ब उडाला की सगळे मजले वायरमनलाच हाक मारायचे आणि तो मुकाट्यानं बदलायचा. बिल्डिंगचं काम म्हणून मजुरीही घ्यायचा नाही.

"जगाच्या घरचे फॉल्ट काढत फिरतो," नणंद म्हणाली, "आणि स्वतःच्या दिव्याखाली हा अंधार. आण पक्कड."

"ताई, वर म्हातारी माणसं आहेत. लोक काय म्हणतील? वर्गणी मागू त्यापेक्षा."

"जिन्याच्या छताची काच वादळात फुटली त्याला दोन वर्षं झाली. निघाली तिची वर्गणी?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं उघड्या दारातून मशीनकडे. मग तीच आत गेली आणि पक्कड घेऊन आली.

थंडीचे दिवस. संध्याकाळचे साडेसात. त्यानं टॉर्च विझवून खिशात टाकला, पक्कड तारेला लावली आणि

.

पहिला मजला: लाइट गेली?

दुसरा मजला: नाही हो, घरात आहे. जिन्यातली गेली.

पहिला मजला: ती कशी जाईल? ती कधी जात नाही.

तळमजला, पुरुषाचा आवाज: मी काढली. आमच्या मीटरवर होती.

पहिला मजला: तुमच्या? कधीपासून?

तळमजला, बाईचा आवाज: अकरा वर्षं.



दुसरा मजला: आम्हाला वाटलं, बिल्डिंगची असेल.

तळमजला, पुरुषाचा आवाज: मलाही.

तिसरा मजला, म्हातारा आवाज: जागचं हलू नका कुणी. कठडा धरा.

चौथा मजला, पोरीचा आवाज: आई, मी मैत्रिणीकडून निघालेच होते. घाबरू नको, धरलाय कठडा. आई! वर बघ!

जिथं काच फुटली होती तिथं आभाळाचा एक चौकोन होता. अकरा वर्षं त्याच्या तोंडावर बल्ब होता. आधी त्या चौकोनात एकच चांदणी दिसली. मग तिच्याजवळ तीन. डोळे अंधाराला सरावत गेले तशा त्यांच्या मधल्या जागा भरत गेल्या. कुणी येत नव्हतं, सगळ्या आधीपासूनच तिथं होत्या. मजल्यामजल्याला कठड्यावरून माना बाहेर आल्या आणि मागे कलल्या. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. कुणी वळलं नाही.

"हे रोज असतं?" तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"असणार," पहिला मजला म्हणाला. त्यालाही खात्री नव्हती.

बऱ्याच वेळानं दुसऱ्या मजल्यावरून हलका आवाज आला. देवळात बोलतात तसा.

"वायरमन, उद्या परत जोडू नका हो. पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा मारून टाकू. माझ्याकडे रंगाचा डबा पडलाय."

बायकोनं नजर वरच ठेवून मागे हात नेला. दाराला लागूनच मशीन होतं. होतं तिथंच.

नणंद पहिल्या पायरीवर बसली होती, चष्मा नाकावर, मान मागे टाकून. तिचे ओठ हलत होते. बायको घाबरून तिच्याजवळ वाकली.

"काय होतंय, वन्सं?"

"गप गं," नणंद म्हणाली. "आकडा चुकतो."