चौकोनातली जागा

पहिल्याच फेरीत लोर्नाच्या लक्षात आलं, की आज कोणीच तिचा हात धरत नाहीये.

नाचासाठी चार जोडप्यांचा चौकोन होता. स्टेजवरून क्लाइड नेहमीसारखा माइकमध्ये हाका देत होता, "डावा हात शेजारणीला, उजवा घरच्या राणीला, आणि चला गोल!" गोल जाताना समोरून येणाऱ्याला एकदा उजवा, एकदा डावा हात द्यायचा, एकमेकांना ओढून पुढे निघायचं. हे सगळे हात तिच्या ओळखीचे होते. हर्बचा फावड्यासारखा रुंद. लायलचा सदा घामेजलेला, आणि तो तर असा ओढायचा की खांदा निखळावा. आज लायलने नुसता तळहात खाली धरला. पिल्लू घरट्यात ठेवावं तसा तिचा हात त्याच्यावर टेकला आणि पुढे सरकवला गेला. हर्बने तर हात घेतलाच नाही. कोपराला दोन बोटं लावली आणि हसला.

त्या हसण्यानेच तिला कळलं.

तिच्या बोटांच्या पेरांना सूज होती. सकाळी मूठ मिटायला फार वेळ लागायचा. संधिवात. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आणि पुढे म्हणाल्या होत्या, "बसून राहू नका. नाचता ना तुम्ही? मग नाचत राहा." घरी येताना लोर्नाने ड्वेनकडून, तिच्या नवऱ्याकडून, वचन घेतलं होतं, की नाचाच्या क्लबात हे कोणाला कळता कामा नये. एड्नाचं काय झालं ते दोघांनीही पाहिलं होतं. एड्नाची कंबर धरली तेव्हा सगळे तिच्याशी असेच हळुवार वागू लागले होते. आता ती कॉफीच्या टेबलामागे बसून केक कापायची. आजही तिथेच होती.

गाणं संपलं. लोर्नाने ड्वेनला कोट टांगायच्या खुंट्यांपाशी गाठलं.

"कोणाकोणाला सांगितलंस?"

"काय?"

"ड्वेन."

"फक्त क्लाइडला."

"क्लाइडला! सांगायला माणूस कोण शोधला, तर ज्याच्या हातात माइक असतो तो!"

"मला बघवत नव्हतं गं. मागच्या शनिवारी गाडीत रडलीस तू."

"गाडीत रडले. इथे रडले का? म्हणून तर गाडीत रडले."

तो हातातली कॉफी ढवळत उभा राहिला. तेवढ्यात क्लबची अध्यक्ष बर्निस उशी बांधलेली खुर्ची ओढतच आली.

"लोर्ना, ये बाई, बस इथे. गरम कप धर दोन्ही हातांत, बरं वाटतं. आमच्या आईला वाटायचं."

"मी ठीक आहे. पुढचं गाणं सुरू होईल."

"हो, पण तुझ्या जागी माझी नणंद उभी राहतेय ना. ग्लेंडा. तू मस्त आराम कर. एड्नाला सोबत होईल."

"हे कोणी ठरवलं?"

"कोणी म्हणजे?" बर्निसने ड्वेनकडे पाहिलं. "अगं, ड्वेनशी बोलूनच ठरवलं सगळं. शुक्रवारीच."

ड्वेन अजून कॉफी ढवळत होता. तो साखर घेत नसे.

लोर्ना त्या उशीकडे पाहत राहिली. निळी होती, बांधायला बंद होते. कोणीतरी मुद्दाम घरून आणली होती. म्हणजे शुक्रवारी आठवणीने गाडीत ठेवली होती.

"पाहुण्यांना एक बाई कमी पडतेय!" स्टेजवरून क्लाइड ओरडला. डोंगरापलीकडच्या क्लबातली मंडळी बर्फातून आली होती, ती दाराजवळच्या कोपऱ्यात चौकोन करून उभी होती. "ग्लेंडाची जोडी जमली ड्वेनबरोबर, आता यांची सोय करा कोणीतरी!"

"लोर्ना, अगं..." बर्निस म्हणाली.

पण ती निघालीही होती.

पाहुण्यांच्या चौकोनातला एकटा माणूस उंच, वाकलेल्या खांद्यांचा, गुरं राखणाऱ्यांसारख्या बुटांतला होता. त्याने टोपी काढली. "मी ऑर्विल. आमची ही आलीच नाही. बर्फाला भिते म्हणते. खरं म्हणजे माझ्या गाडी चालवण्याला भिते."

"मी लोर्ना."

"नाचता ना नेहमी? मी जरा आडदांड आहे हो. आधीच सांगतो."

"बरं झालं," ती म्हणाली.

फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, नाचाची धून सुरू झाली. क्लाइडने त्यांच्या कोपऱ्याकडे पाहिलं, अर्धी हाक गिळली, आणि मग दिली. ऑर्विलने तिचा उजवा हात धरला, गवताच्या गठ्ठ्याची दोरी धरावी तसा, आणि ओढला. पेरांतून निघालेली कळ थेट कोपरापर्यंत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लागलं का हो?" तो थबकला. मागून येणारी बाई त्याच्यावर आदळली. "अहो ऑर्विल, रस्त्यात काय उभे राहता!"

लोर्नाची मान वळली. शेजारच्या चौकोनात ड्वेन ग्लेंडाला गोल ओढून घेत होता. ग्लेंडाचा हात त्याच्या मुठीत पुरता बुडाला होता.

"नाही," ती म्हणाली, आणि दुसरा हात पुढे केला. "धरा."